‘विल द सर्कल बी अनब्रोकन’: एका खोलीत, एका दमात

अमेरिकन कंट्री संगीताची ओळख करून घ्यायची असेल तर कोणत्या अल्बमपासून सुरुवात करावी, या प्रश्नाला माझे उत्तर ठरलेले आहे. ‘निटी ग्रिटी डर्ट बँड’ने १९७२ मध्ये तीन तबकड्यांच्या संचात काढलेला ‘विल द सर्कल बी अनब्रोकन’ हा अल्बम आधी ऐकावा, आणि तो ऐकताना गाण्यांइतकेच ती कशी मुद्रित झाली याकडेही लक्ष द्यावे. या अल्बमचे मोठेपण मला त्याच्या घडणीत दिसते.

हा बँड कॅलिफोर्नियातील लाँग बीचचा. केस वाढवलेली, विशीतली ही मुले १९७१ च्या ऑगस्टमध्ये कंट्री संगीताचे माहेरघर असलेल्या नॅशव्हिलच्या वुडलँड स्टुडिओत गेली आणि ज्यांच्या तबकड्या ऐकून आपण वाद्ये शिकलो त्याच मंडळींना त्यांनी सोबत बसवले. जुन्या ‘कार्टर फॅमिली’ या गायक कुटुंबातल्या गायिका व गिटारवादक मदर मेबेल कार्टर, बँजोवादक अर्ल स्क्रग्ज, गिटारवादक डॉक वॉटसन आणि मर्ल ट्रॅव्हिस, ‘ग्रँड ओल ऑप्री’ या नॅशव्हिलच्या नावाजलेल्या रेडिओ कार्यक्रमाचे मानकरी गायक रॉय एकफ, ब्लूग्रास (बँजो-फिडलवर चालणारी कंट्रीची वेगवान शैली) गायक जिमी मार्टिन अशी ती यादी आहे. व्हिएतनाम युद्धावरून देशातल्या दोन पिढ्यांत उभा दावा पडलेला असताना या दोन तऱ्हांची माणसे एका खोलीत बसणे सोपे नव्हते. ब्लूग्रासचे जनक मानले जाणारे बिल मन्रो यांनी नकार दिला. एकफही सुरुवातीला साशंक होते; मुद्रित झालेले काही ऐकल्यावर, हे तर निखळ कंट्री संगीतच आहे, अशी त्यांची खात्री पटली आणि मग ते गायला उभे राहिले.

निर्माते विल्यम मॅकयूएन यांनी घेतलेला निर्णय धाडसी होता. त्या काळी मोठ्या स्टुडिओंत अनेक ट्रॅकवर मुद्रण करण्याची पद्धत रुळली होती. प्रत्येक वाद्य आपापल्या ट्रॅकवर घ्यायचे, चुकलेला सूर नंतर दुरुस्त करायचा, गायकाचा आवाज वेगळ्या दिवशी वर चढवायचा आणि कोणाचा आवाज किती पुढे ठेवायचा हे शेवटी मिश्रणाच्या वेळी ठरवायचे, असा तो रिवाज. येथे मात्र सगळे थेट दोन ट्रॅकच्या टेपवर घेतले गेले. डावा आणि उजवा, एवढेच दोन ट्रॅक असल्यामुळे फिडल (म्हणजे व्हायोलिन) किती पुढे आणि बास किती मागे, हे वाजत असतानाच ठरवावे लागते, आणि एक जण चुकला तर सगळ्यांना गाणे पहिल्यापासून वाजवावे लागते. सहा दिवसांत तीन तबकड्यांचे काम झाले, याचे श्रेय कलावंतांच्या तयारीला आहेच, पण या पद्धतीने लादलेल्या शिस्तीलाही आहे. अल्बममध्येच एकफ आपले धोरण सांगताना ऐकू येतात: गाणे मुद्रित करायचे ठरले की पहिल्याच वेळी सगळा जीव ओतावा, कारण दर खेपेला थोडे काहीतरी निसटत जाते.

हे बोलणे आपल्यापर्यंत पोहोचले, कारण मुद्रण चालू असताना दुसरे एक टेपयंत्र सतत चालू ठेवलेले होते आणि त्यावरची संभाषणे गाण्यांच्या आधी जोडली आहेत. त्यांतली सर्वांत सुंदर जागा डॉक वॉटसन आणि मर्ल ट्रॅव्हिस यांच्या भेटीची आहे. लहानपणीच दृष्टी गेलेल्या डॉकनी ट्रॅव्हिसचे वादन ऐकत गिटारचा अभ्यास केला आणि मुलाचे नावही मर्ल ठेवले. पण दोघे समोरासमोर प्रथमच येत होते. मुलाला तुमचे नाव दिले, म्हणजे तुमच्या वादनाचा थोडा गुण त्याला लागेल, असे डॉक सांगतात, तेव्हा त्यांच्या आवाजात भीड आणि आनंद दोन्ही असतात. अल्बममध्ये ट्रॅव्हिस खाणकामगारांवरचे ‘डार्क ॲज अ डंजन’ही गातात. अंगठा खालच्या तारांवर ठेका धरून आहे आणि तर्जनी वर चाल उमटवते आहे, हे हेडफोन लावल्यास स्पष्ट कळते. मेबेल यांची पद्धत नेमकी उलटी: चाल अंगठ्याने खर्जाच्या तारांवर आणि बोटाने वरच्या तारांवर झंकार. १९२७ मध्ये टेनेसीतील ब्रिस्टल येथे कार्टर कुटुंबाचे पहिले मुद्रण झाले तेव्हापासूनची ही वादनपद्धत त्या वयाच्या साठीनंतरही तितक्याच सहजतेने वाजवतात. गिटारच्या विद्यार्थ्याने या दोघांची गाणी पाठोपाठ लावून ऐकावीत.

बँडचे स्वतःचे वागणे मला विशेष आवडले. भजनात बुवांमागे टाळकरी उभे राहतात तसा हा बँड पाहुण्यांमागे उभा आहे. जिमी फॅडन यांची माउथ ऑर्गन आणि जॉन मॅकयूएन यांचा बँजो हवे तेथेच डोके वर काढतात. फिडलवादक व्हॅसर क्लेमेंट्स यांचे नाव या अल्बमनंतर सर्वदूर झाले, ते का, हे ‘लोनसम फिडल ब्लूज’ ऐकून समजते.

उणिवाही आहेत. बँड स्वतः पुढे होऊन जुन्या पिढीतले कंट्री गायक हँक विल्यम्स यांची गाणी म्हणतो तेथे आवाज कोवळे वाटतात आणि शेजारच्या ज्येष्ठांपुढे ते अधिकच जाणवते. स्क्रग्ज यांच्या वाद्यरचना एकामागोमाग येतात, तेव्हा बँजोची सवय नसलेला श्रोता थकेल. जिमी मार्टिन यांचा उंच, टोकदार गळा पचनी पडायला वेळ लागतो, आणि अल्बमची सुरुवात त्यांच्याच गाण्याने होते. नवख्याने म्हणून आधी मेबेल यांचे ‘कीप ऑन द सनी साइड’ लावावे, मग ट्रॅव्हिस आणि डॉक, आणि त्यानंतर पहिल्यापासून सलग ऐकावे. शीर्षकगीत घाईने ऐकू नये. आईच्या अंत्ययात्रेचे हे गीत मेबेल यांच्यासोबत सगळे जण म्हणतात, आणि त्यातल्या कोरसमध्ये वेगवेगळ्या वयांचे गळे सुटे सुटे ओळखता येतात.

मूळ संचाच्या अखेरीस स्क्रग्ज यांचा कोवळ्या वयाचा मुलगा रँडी एकट्या गिटारवर गायिका-गीतकार जोनी मिचेल यांचे ‘बोथ साइड्स नाऊ’ वाजवतो. जुन्या लोकगीतांनंतर त्या काळचे ताजे गाणे शेवटी ठेवण्याची ही योजना मला फार मोलाची वाटते.

२००२ मध्ये नव्याने मास्टर करून दोन सीडींवर आलेली आवृत्ती घ्यावी; तिचा आवाज स्वच्छ आहे आणि आधी न आलेली काही मुद्रणेही तिच्यात आहेत. ॲपवर ऐकणार असाल तर गाण्यांचा क्रम उलटसुलट करणारी सोय बंद ठेवा, नाहीतर संभाषणे भलत्याच गाण्यांमागे येतील. १९८९ मधला दुसरा खंड रँडी स्क्रग्ज यांनीच बँडसह निर्माण केला. जॉनी कॅश आणि एमीलू हॅरिस त्यात आहेत, तोही चांगला आहे, पण त्याची वेळ पहिला खंड पुरता कानात बसल्यानंतरची.