इन्कसच्या प्रोफाइल, सोळा महिने वापरल्यावर

मेच्या तिसऱ्या आठवड्यात कॅनिंगचा आंबा घेऊन आलेल्या टेम्पोंची रांग फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत गेली होती, आणि नेमक्या त्याच सकाळी रत्नागिरीजवळच्या आमच्या कारखान्यात वजनकाट्याची पावती निघेनाशी झाली. काट्यावरच्या मुलाचा फोन आला, "भाऊ, पावती येत नाय, गाडीवाले तापलेत." आमच्या सर्व्हरवर इन्कस ही प्रणाली एकाच यंत्रात अनेक कंटेनर, म्हणजे एकमेकांपासून वेगळे ठेवलेले कप्पे, चालवते; त्यांपैकी काट्याच्या नोंदी ठेवणाऱ्या कंटेनरची डिस्क भरली होती. मला ते पटेना, कारण एप्रिलमध्येच मी मूळ प्रोफाइलमध्ये, म्हणजे अनेक कंटेनरना एकत्र लागू होणाऱ्या मांडणीत, डिस्कची मर्यादा २० वरून ४० जीबी केली होती आणि त्या प्रोफाइलवर चालणाऱ्या नऊही कंटेनरना ती लागू झाली, असे समजून निर्धास्त होतो.

२०२३ साली एलएक्सडी या तशाच जुन्या प्रणालीपासून फुटून इन्कस वेगळा निघाला. परवान्याचा खर्च नाही, जुन्या यंत्रावर चालतो, एवढ्या दोन कारणांसाठी मी तो घेतला. मालकांपुढे तिसरे कारण मांडावे लागले नाही. पहिले दोन दिवस मात्र वाया गेले. प्रोफाइलमध्ये लिहिलेले वापरकर्ते कंटेनरमध्ये तयारच होत नव्हते, कारण मी डेबियन या लिनक्सची साधी प्रतिमा (कंटेनर ज्यातून तयार होतो तो साचा) घेतली होती आणि पहिल्या सुरुवातीला ही मांडणी करून देणारे क्लाउड-इनिट फक्त 'क्लाउड' प्रकारच्या प्रतिमेत असते.

आता मूळ तक्रार. मार्चमध्ये एकट्या काट्याच्या कंटेनरला जास्त जागा हवी होती. थेट बदल करू गेलो तर प्रोफाइलमधून आलेले उपकरण असे बदलता येत नाही, 'ओव्हरराइड' करा, असा संदेश आला. मी ते केले आणि २५ जीबी दिले. या आज्ञेने केवळ आकडा बदलत नाही, तर डिस्कची संपूर्ण व्याख्या प्रोफाइलमधून उचलून कंटेनरच्या स्वतःच्या मांडणीत उतरते, आणि त्यानंतर प्रोफाइलमध्ये त्या डिस्कविषयी काहीही बदलले तरी या कंटेनरपर्यंत पोहोचत नाही. बाकीचे आठ कंटेनर ४० वर गेले, काटा २५ वरच राहिला. त्याहून संताप आणणारी गोष्ट अशी की प्रोफाइल उघडून पाहिली तर ती वापरणाऱ्यांच्या यादीत काट्याचे नाव इतरांसारखेच दिमाखात झळकत होते. मेमरीची मर्यादा तो प्रोफाइलमधूनच घेत होता, त्यामुळे यादी खोटी नव्हती. पण डिस्कपुरता हा गडी फुटलेला आहे, याची खूण कोठेही नाही.

घाईत मी पावत्यांची जुनी छायाचित्रे पुसली, तरी जागा मोकळी होईना. आमचा साठा झेडएफएस या फाइल-प्रणालीवर आहे, आणि तेथे मूळ मांडणीत स्नॅपशॉटची (डिस्कच्या त्या त्या क्षणी जपलेल्या स्थितीची) जागाही मर्यादेतच मोजली जाते. रोजचे स्नॅपशॉट प्रोफाइलमधून चालू करणारा मीच, त्यांची मुदत लिहायला विसरणाराही मीच. जुने स्नॅपशॉट काढल्यावर पावत्या सुरू झाल्या, पण तोवर दोन बागायतदार गाड्या वळवून दुसरीकडे गेले होते.

त्या रात्री या प्रणालीला पाचपैकी एकच तारा द्यावा, असे ठरवले होते. ते मत बदलले जूनमध्ये. पहिल्याच मोठ्या पावसात वीज आली-गेली आणि सर्व्हरचा मदरबोर्ड जळाला. वाढीव वॉरंटीची पावती दाखवूनही विक्रेत्याने विजेच्या दाबाने झालेले नुकसान अटींत बसत नसल्याचे ऐकवले आणि नव्या बोर्डासाठी जी किंमत सांगितली, तिच्यात आमची महिन्याची क्रेटची धुलाई झाली असती. मी बिलिंगचा पडून असलेला संगणक पुसून घेतला. प्रोफाइल साध्या मजकुराच्या फाइलींत उतरवून ठेवता येतात, तशा त्या पेनड्राइव्हवर होत्या. त्या आधी चढवल्या, मग बाहेरच्या डिस्कवरच्या प्रतींमधून कंटेनर उभे केले. लेखा विभागाचा दूरस्थ डेस्कटॉप मात्र प्रतीतून न घेता मुद्दाम नव्याने बनवला, आणि पहिल्याच सुरुवातीला वापरकर्ते, भारतीय वेळ, मराठी फॉन्ट, सगळे प्रोफाइलमधूनच आले. पूर्वी याच कामाला माझा एक रविवार जात असे. दुपारच्या जेवणाला बसलो होतो तेव्हा दोन कंटेनर उरले होते.

ओव्हरराइडबद्दलचे मत मात्र अर्धेच बदलले. एखाद्या कंटेनरवर मुद्दाम केलेला बदल प्रोफाइलने परस्पर पुसू नये, हे तत्त्व मला मान्य आहे. 'एक्स्पांडेड' हा पर्याय जोडून मांडणी पाहिली की प्रत्यक्षात काय लागू आहे ते दिसते, हेही खरे. पण ते एकेका कंटेनरपाशी जाऊन पाहावे लागते, आणि भरल्या हंगामात तेवढी सवड कोणाला असते? म्हणून काट्यावरची स्वतंत्र डिस्क काढून टाकली आणि वेगळ्या आकाराची एक छोटी प्रोफाइल करून ती यादीत शेवटी लावली, कारण नंतरची प्रोफाइल आधीचीवर मात करते. स्नॅपशॉटला दोन आठवड्यांची मुदत घातली. थेट कंटेनरवर काही बदललेच तर त्याची नोंद गेटपासच्या जुन्या वहीत मागच्या पानावर करायची, असे ठरवले आहे. ते पान अजून कोरे आहे.