इंग्रजी-मराठी कोश की इंग्रजी-इंग्रजी? ‘ग्रीन’ या एका शब्दावर केलेली पारख

घरात शिकणारं पोर असो किंवा पर्यटकांसाठी दोन खोल्या काढलेल्या असोत, एक इंग्रजी कोश लागतोच. दुकानात गेलं की प्रश्न पडतो: इंग्रजी-मराठी घ्यावा की परदेशी विद्यार्थ्यांसाठी काढलेला इंग्रजी-इंग्रजी? माझ्याकडे दोन्ही आहेत. इकडे वेंगुर्ल्यात वाडीतल्या खानावळींची मेन्यूकार्डं, खोल्यांच्या पाट्या, आंब्याच्या पेटीत घालायच्या चिठ्ठ्या, असलं इंग्रजी लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलेलं आहे. त्यामुळे दोघांनाही रोज राबवतो.

कोश पारखायला अवघड शब्द काढू नये. अवघड शब्दाला बहुधा एकच अर्थ असतो आणि तो सगळेच कोश देतात. साधा, रोजचा शब्द काढावा. मी ‘ग्रीन’ काढतो.

इंग्रजी-मराठी कोशात साधारण असं सापडतं: हिरवा, ताजा, कोवळा, कच्चा, ओला, अननुभवी. यातलं एकही चूक नाही, आणि पोराला दोन सेकंदांत उत्तर मिळतं, हा गुण मी कमी लेखत नाही. पण हे सगळे अर्थ स्वल्पविराम देऊन एकाच रांगेत उभे असतात. फळ असेल तर कच्चं, लाकूड असेल तर ओलं, माणूस असेल तर नवखा, हे कोश सांगत नाही. ते तुम्हाला आधीच ठाऊक आहे असं धरून चालतो. ठाऊक असतं तर कोश उघडला कशाला असता? माझ्या दहावीतल्या भाच्याने या रांगेतून उचलून ‘ग्रीन ऑफिसर’चा ‘हिरवट अधिकारी’ केला होता. बिचारा नुकताच कामावर रुजू झालेला साहेब, आणि मराठीत त्याची पार अब्रू गेली. (इंग्रजीत त्या चावटपणाला निळा रंग देतात, ती वेगळी गंमत.)

मला खरं वैतागवलं ते ओल्या काजूंनी. फेब्रुवारी-मार्चात हिरव्या बिया चिरून गर काढतात, चिकाने बोटांची सालं निघतात, आणि बाजारात ते गर शेकड्यावर विकले जातात. त्यांची उसळ मेन्यूवर इंग्रजीत लिहायची होती. ‘ओला’ म्हणून बघितलं तर कोश ‘वेट’ म्हणतो, म्हणजे पाण्यात पडलेले काजू. ‘कच्चा’ म्हणून बघितलं तर ‘रॉ’ मिळतो. पण काजूच्या व्यापारात ‘रॉ कॅशू’ म्हणजे वाळवलेली, न फोडलेली बी. कारखानदार जी पोत्यांनी घेतो ती. ती उसळीत घातली तर गिऱ्हाइकाचं तोंडच भाजेल. ‘ग्रीन कॅशू’ लिहावं तर परगावचा पाहुणा हिरव्या रंगाची भाजी येईल म्हणून वाट बघतो. शेवटी ‘टेंडर’ हा शब्द बसला, कारण इंग्रजी-इंग्रजी कोशात ‘ग्रीन’खाली फळाचं वाक्य वेगळं, लाकडाचं वेगळं, माणसाचं वेगळं असं दिलेलं होतं, आणि ‘टेंडर’खाली कोवळ्या, सहज चावल्या जाणाऱ्या खाण्याचं. उत्तर आयतं मिळालं असं नाही. पण कुठला शब्द कुठे चालत नाही ते कळलं, आणि माझ्या कामात निम्मी लढाई तीच असते.

आंब्याचंही तेच. हापूस झाडावरून उतरवतात तो पिवळा झाल्यावर नाही. चौदा आणे तयार झाला की देठासकट काढायचा आणि आढीत पिकवायचा. त्या अवस्थेला फळबागेच्या इंग्रजीत ‘मॅच्युअर ग्रीन’ म्हणतात. मराठी अर्थांच्या रांगेतून याचं ‘पक्व कच्चा’ असं काहीतरी होतं आणि बागायतदार आपल्याकडे बघतच राहतो. साल हिरवी, आत फळ पूर्ण भरलेलं, फक्त पिकायचं बाकी. आपण त्याला नुसतं ‘तयार’ म्हणतो. अशा ठिकाणी उदाहरणाचं एक वाक्य दहा प्रतिशब्दांना भारी पडतं.

विद्यार्थ्यांसाठीच्या या इंग्रजी-इंग्रजी कोशांचं मूळ समजलं की ते असे का आहेत ते लक्षात येतं. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. त्यांचा कोश 1942 साली तोक्योत निघाला आणि 1948 पासून ऑक्सफर्डने तो काढला. म्हणजे पहिल्यापासून गिऱ्हाईक आपल्यासारखंच, घरी इंग्रजी न बोलणारं. पुढे 1978 मध्ये लाँगमनने सगळे अर्थ साधारण 2,000 सोप्या शब्दांतच समजावून सांगितले. त्यामुळे अर्थ वाचताना दुसरा कोश उघडावा लागत नाही, निदान फारसा नाही.

वाक्प्रचारांतही मला हाच उजवा वाटतो. ज्याने काठी रोवली तरी झाड होतं, त्याला इंग्लंडात ‘ग्रीन फिंगर्स’ आणि अमेरिकेत ‘ग्रीन थंब’ म्हणतात. कुठलं कुठे ते कोश लिहितो. ‘ग्रीन्स’ म्हणजे पालेभाजी, ‘ग्रीन विथ एन्व्ही’ म्हणजे जळफळाट. दशावतारी कंपनीचा रंगपट म्हणजे ‘ग्रीनरूम’, मग तिथे हिरवं काही असो वा नसो.

तरी इंग्रजी-मराठीची बाजू घेतो. आठवीपर्यंतच्या मुलाच्या हातात इंग्रजी-इंग्रजी दिला तर तो कोश कपाटात जातो आणि मूल मोबाइलकडे. माशांची, झाडांची, कडधान्यांची नावं तर मराठीतच हवीत; ‘ग्रीन ग्राम’ची इंग्रजीत चार ओळींची व्याख्या वाचण्यापेक्षा ‘मूग’ हा एक शब्द पुरे. आणि घरात कुणाला फक्त औषधाच्या बाटलीवरचं वाचायचं असेल तर दुसरा विचारच करू नये.

थिसॉरस, म्हणजे नुसत्या समानार्थी शब्दांचा कोश, मात्र पहिला कोश म्हणून घेऊ नका. रॉजेटचा 1852 चा मूळ ग्रंथही शब्द आधीच माहीत असणाऱ्यांसाठी होता. जिभेवर असून आठवत नाही तो सापडावा म्हणून. ‘ग्रीन’ला तो ‘व्हर्डंट’, ‘इमराल्ड’, ‘अनराइप’, ‘नाईव्ह’ असे एका दमात देतो. ‘व्हर्डंट’ हिरव्यागार डोंगराला शोभतो, लोणच्याच्या कैरीला नाही, हे सांगायला तिथे कोणी नसतं. मोबाइलवरचं भाषांतर घाईला ठीक, पण ते बहुधा एकच उत्तर देतं आणि का ते सांगत नाही.

माझा कल तुम्हाला कळला असेलच. नववीपुढचं मूल किंवा पाहुण्यांशी लिहून बोलायचा धंदा असेल तर मी इंग्रजी-इंग्रजीकडे झुकेन, आणि जुना इंग्रजी-मराठी घरात असेल तर तो टाकणार नाही. नवीच आवृत्ती हवी असंही नाही. ‘ग्रीन’चा पर्यावरणवाला अर्थ आलेली कुठलीही चालेल, दुकानात उभ्या उभ्या ते पान उघडून बघता येतं. पैसे थोडे जास्त गेले तरी शिवलेल्या बांधणीची प्रत घ्या. नुसत्या डिंकावर चिकटवलेली पानं आपल्याकडच्या जुलैत सुटी होतात.