आठ महिने झाले, आता या अकॅडमीचा रिव्ह्यू टाकते (अंडर १२ बॅच, क्रिकेट)

मुलगा ११ वर्षांचा. याआधी दुसऱ्या एका अकॅडमीत होता, नाव नाही घेत, तिथले कोच सगळ्यांसमोर "ए ढ्या", "बायकांसारखा काय पळतोस" असलं बोलायचे (डोंबिवलीत सकाळी ८ ची लोकल पकडणाऱ्या बायका बघितल्या नसतील त्यांनी), आणि कॅच सुटला की ग्राउंडला ५ राउंड. चार महिन्यांत पोराची ही गत की शनिवार आला की पोटात दुखायचं, आणि मॅचमध्ये बॉल हवेत गेला की हा हळूच दोन पावलं मागे सरकायचा, म्हणजे कॅच दुसऱ्या कुणाचा तरी व्हावा. ते मी डोळ्यांनी बघितलं त्या दिवशी ठरवलं की बास. भरलेली फी परत मिळाली नाही, तो विषय वेगळा.

इथे ट्रायललाच त्याने एकदम सोपा कॅच सोडला. मी डोळे मिटून घेतले. सर म्हणाले, "बॉलखाली वेळेत पोचलास, ते बरोबर केलंस. हात ताठ ठेवलेस म्हणून उडाला. बॉल हातात आला की हात छातीकडे घे. चल परत." आणि मग टेनिस बॉलने अगदी जवळून १०-१२ कॅच दिले, सीझन बॉल (खरा, कडक लेदरचा) तर दीड महिन्याने हातात आला. उगाच प्रत्येक बॉलला सुपर सुपर, चॅम्पियन चॅम्पियन नाही करत हे मला जास्त आवडलं. काय जमलं आणि काय नाही ते सांगतात, तू कसा आहेस ते नाही सांगत.

नवऱ्याला सुरुवातीला हे सगळं फार मऊ वाटत होतं. त्याचं ठरलेलं वाक्य, आचरेकर सरांनी सचिनला कधी वेल प्लेड म्हटलं का? आता हे खरंय, २०१३ ला वानखेडेवरच्या शेवटच्या भाषणात सचिनच म्हणाला होता की २९ वर्षांत सर एकदाही तसं म्हणाले नाहीत. पण तेच सर स्टंपवर १ रुपयाचं नाणं ठेवायचे ना, जो आऊट करेल त्याचं, नाहीतर सचिनचं, आणि तशी १३ नाणी त्याने अजून जपून ठेवलीत. शिवाय स्कूटरवर मागे बसवून एका ग्राउंडवरून दुसऱ्या ग्राउंडवर मॅचला न्यायचे. कौतुक तोंडाने नाही केलं तरी पोराला कळतंच की हा माणूस माझ्यासाठी धावतोय. पाच राउंड मारायला लावून ते कळत नाही.

आता माझी स्वतःची गोष्ट. इथे पालकांसाठी चुन्याची रेघ मारलेली असते, त्याच्या मागे उभं राहायचं, टाळ्या चालतील, सूचना नाही. पहिल्याच मॅचला मी "अरे पळ ना, झोपलायस का" करून ओरडले. ड्रिंक्सला सर आले, "ताई, तुम्ही ओरडलात की तो बॉलर सोडून तुमच्याकडे बघतो, पुढच्या ओव्हरला लक्ष ठेवा." राग आला खरंतर, पैसे आम्ही भरतो आणि आम्हीच गप्प बसायचं. पण पुढच्या ओव्हरला शेजारच्या काकांनी आवाज दिला आणि खरंच त्यांच्या पोराने मान वळवली, बॉलर रनअपमध्ये होता. तेव्हापासून गप्प असते. बऱ्यापैकी.

शिस्त नाही असं नका समजू. आमच्या टीममधला सगळ्यात चांगला बॅट्समन समोरच्या बॉलरला आईवरून शिवी देऊन बसला. सरांनी आधी त्याला त्या मुलाकडे पाठवून सॉरी म्हणायला लावलं, आणि पुढच्या मॅचला पॅडऐवजी स्कोअरबुक आणि पेन्सिल दिली, दोन्ही टीमचे सगळे बॉल लिहायचे. त्याचे वडील भांडायला आले, सरांनी चहा पाजला पण पोराला खेळवलं नाही. ९ रनने हरलो आम्ही. विशेष म्हणजे स्कोअर पेन्सिलने लिहिला असून कुठे खाडाखोड नव्हती, ते मात्र सरांनी सगळ्या पोरांना दाखवलं.

आता कुरकुर. २६ पोरं आणि नेट दोनच, त्यामुळे बॅटिंग जेमतेम ८-१० मिनिटं येते. टॉयलेट नाही. पावसाळ्यात बॅच एका हॉलमध्ये असते, तिथे फक्त फिटनेस आणि शॅडो प्रॅक्टिस (म्हणजे बॉलशिवाय नुसती बॅट फिरवायची), फी मात्र पूर्ण महिन्याची, यात काहीतरी सूट द्यायला हवी असं मी सांगितलंय, बघू. बॅच कॅन्सल झाल्याचा मेसेज आम्ही रिक्षात बसल्यावर येतो, हे तीनदा झालंय.

पण कॅच? मागच्या रविवारी मिडऑनला एक वर गेला आणि हा "माझा, माझा" ओरडत पुढे आला. सोडला. पण पुढे आला.

ट्रायल फ्री आहे, शनिवारी ४ ला जा. नवी बॅट असेल तर नॉकिंग करून (म्हणजे हलकं ठोकून ठोकून तयार करून) न्या, आणि रेघेच्या मागेच थांबा, सर खरंच येऊन सांगतात.