इंग्रजी वाक्याच्या सुरुवातीचा कॉमा: नेहमी द्यावा की गरजेपुरता?

इंग्रजी वाक्य थेट कर्त्यापासून सुरू झालं तर प्रश्नच नसतो. पण आधी वेळ, जागा, अट किंवा कारण सांगणारा तुकडा आला की हात अडतो. इथे कॉमा द्यायचा का? फोर्टात वकिलांकडे नोटीस ड्राफ्ट करणारा ज्युनिअर असो की बीकेसीतून क्लायंटला मेल पाठवणारी मुलगी, दोघांनाही हा प्रश्न रोज पडतो. एक साहेब कॉमा घालायला सांगतात, दुसरे तोच काढून टाकतात. दोघांच्याही मागे जुनी, मान्य पद्धत आहे, म्हणून आपल्यासाठी कुठली हे ठरवायला हवं.

पहिल्या पद्धतीत सुरुवातीचा तुकडा दोन शब्दांचा असला तरी त्यानंतर कॉमा येतो. अमेरिकन शाळांत आणि ऑफिसांत ही सवय जास्त दिसते. दुसऱ्या पद्धतीत छोट्या तुकड्यानंतर कॉमा गाळतात आणि तुकडा लांबला किंवा वाचणारा अडखळेल असं वाटलं तरच देतात. ब्रिटिश लेखनाचा कल इकडे आहे. पण ही दोन देशांमधली सरळ वाटणी नाही. शिकागो मॅन्युअल आणि असोसिएटेड प्रेस या दोन्ही अमेरिकन शैलीपुस्तकांत छोट्या तुकड्यांना सूट आहे.

फरक मुख्यतः या छोट्या तुकड्यांपुरता आहे. 'इन 2019 वी मूव्ह्ड टू ठाणे' हे वाक्य पहिल्या पद्धतीत 2019 नंतर कॉमा मागतं, दुसरीत तसंच चालतं. 'हाउएवर' किंवा 'अनफॉर्च्युनेटली' असा शब्द सुरुवातीला एकटा उभा असेल तर दोन्हीकडे कॉमा देतात. दोन आकडे शेजारी आले तरी तेच. 'इन 2019 12 टेनंट्स लेफ्ट' असं कॉमाविना कोणीच छापणार नाही.

खरा धोका आहे तो 'व्हेन', 'इफ', 'आफ्टर', 'बिकॉज' यांनी सुरू होणाऱ्या गौण वाक्यात. हे वाक्य बघा: 'व्हेन द लोकल स्टॉप्ड द गार्ड सिग्नल्ड द मोटरमन'. वाचणारा 'स्टॉप्ड द गार्ड' एका दमात वाचतो, म्हणजे लोकलने गार्डला थांबवलं असा अर्थ लावतो. 'सिग्नल्ड' आल्यावर त्याला मागे जाऊन वाक्य पुन्हा जुळवावं लागतं. 'स्टॉप्ड' नंतर कॉमा असता तर ही वेळ आली नसती.

आपल्याकडून नेमका हाच कॉमा सुटतो, आणि त्याचं कारण निष्काळजीपणा नाही. मराठीत आपण म्हणतो, 'लोकल थांबली तेव्हा गार्डने मोटरमनला इशारा दिला.' 'तेव्हा' हा सांधा तिथे आहे, 'थांबली' हे क्रियापद आपल्या तुकड्याच्या शेवटी आहे, 'गार्डने' मधला 'ने' कर्ता दाखवतोय. गोंधळाला जागाच नाही. मोडीत तर विरामचिन्हं नव्हती, शब्दांमध्ये जागाही बहुधा सोडत नसत, तरी दप्तरंच्या दप्तरं लिहिली गेली. स्वल्पविराम मराठीत रुळला तो एकोणिसाव्या शतकात, मेजर थॉमस कँडी यांच्या प्रयत्नांतून. आपल्या 'तर', 'तेव्हा', 'म्हणून' यांचं काम इंग्रजीत बहुतेक वेळा एकटा कॉमा करतो. म्हणून मी नवीन लिहिणाऱ्यांना एकच सांगते: वाक्य मनात मराठीत म्हणा, आणि जिथे 'तर' किंवा 'तेव्हा' येईल तिथे कॉमा टाका. गौण वाक्यांसाठी ही खूण फार उपयोगी पडते.

पहिल्या पद्धतीचा मोठा फायदा म्हणजे दर वाक्याला विचार करावा लागत नाही. चार जणांनी मिळून लिहिलेला रिपोर्ट एकसारखा दिसतो, आणि ग्रामर्लीसारखं सॉफ्टवेअर दर ओळीला खुणा करत नाही. तोटा असा, की छोटी वाक्यं ओळीने आली की मजकूर तुटक वाटतो. शिवाय हात सवयीने भलत्या ठिकाणी कॉमा टाकतो. 'स्टँडिंग ऑन द फूटबोर्ड इज डेंजरस' यात पहिले चार शब्द हाच कर्ता आहे, त्यामुळे तिथे कॉमा चूक. 'अंडर द बेंच ले अ ब्लॅक बॅग' यातही नको, कारण तुकड्यानंतर लगेच क्रियापद आलंय. सुरुवातीच्या तुकड्यानंतर क्रियापद आलं की थांबून बघायचं.

दुसरी पद्धत वाचायला गोड लागते. गोष्ट, लेख, प्रवासवर्णन यांत ती शोभते. पण तिच्यात लिहिणाऱ्याला आपलंच वाक्य परक्यासारखं वाचावं लागतं, आणि ते अवघड आहे. आपल्याला काय म्हणायचंय ते आपल्याला माहीत असतं, म्हणून आपण अडखळत नाही. संध्याकाळी सहाला मेल पाठवायची घाई असताना असं वाचन होत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. मराठी माध्यमातून आलेल्या आणि कामासाठी इंग्रजी लिहिणाऱ्या माणसाने पहिली पद्धत धरावी. क्लायंट अमेरिकन असेल तर दुसरा विचारही नको. ब्रिटिश प्रकाशनासाठी किंवा ललित लिहीत असाल, आणि मजकूर तपासणारी दुसरी नजर असेल, तर दुसरी घ्या. परीक्षेसाठी लिहिताना दोन्हीपैकी कुठलीही चालावी, पण एकाच उत्तरपत्रिकेत दोन्ही नकोत. तुमच्या ऑफिसची लिखित स्टाइल असेल तर तीच पाळा.

सोसायटीच्या सेक्रेटरींना मात्र मी पर्याय देणार नाही. 'इफ मेंटेनन्स इज नॉट पेड बाय द टेन्थ इंटरेस्ट विल बी चार्ज्ड' अशी नोटीस लिफ्टजवळ लागली, तर वाचणारा आधी 'टेन्थ इंटरेस्ट' हे काय म्हणून बुचकळ्यात पडतो. पैशांचा आणि तारखेचा मामला आहे, भांडण व्हायला एवढंही पुरतं. तिथे 'टेन्थ' नंतर कॉमा हवाच.