ग्लेझ की पॉलिश? दाढ आणि पुढचा दात यांचा हिशोब वेगळा

"डॉक्टर, ग्लेझ करू की पॉलिश?" असं दाताच्या कॅपबद्दल लॅबमधून फोनवर विचारलं की निम्म्या वेळा उत्तर येतं, "चमकली म्हणजे झालं की ओ!" चमक दोन्हींत येते. ती किती टिकते, आणि गेली तर कुणाला परत आणता येते, यात खरा फरक आहे. बेळगावच्या लॅबकडे खानापूर, निपाणी, संकेश्वर अशा गावांहून केसेस येतात. तयार कॅप डब्यातून परत जाते आणि मग ती बसवणारे डॉक्टर आणि घडवणारा टेक्निशियन यांच्यात बरंच अंतर असतं. निवड करताना हे अंतरही धरायला हवं.

ग्लेझ म्हणजे काचेचा पातळ थर. बारीक काचपूड लिक्विडमध्ये कालवायची, ब्रशने कॅपवर सारखी पसरायची, भट्टीच्या तोंडाशी सावकाश वाळवायची आणि मग भाजायची. मटेरियलप्रमाणे ७५० ते ९०० अंशांच्या आसपास ती वितळून पसरते आणि बारीक ओरखडे बुजवते. पुढच्या दातावर याला तोड नाही. मानेकडचा पिवळसरपणा, कडेची निळसर झाक हे स्टेन, म्हणजे रंगछटा, याच थरात किंवा त्याच्या खाली बसतात. नुसत्या पॉलिशने असा रंग येत नाही, आणि वरून लावलेला रंग पॉलिशच्या रबराने पुसून जातो.

जुन्या पीएफएम, म्हणजे धातूवर पोर्सिलेन चढवलेल्या, कॅपवर वेगळा थर न देता पोर्सिलेनचाच वरचा भाग वितळवून सेल्फ ग्लेझ करता येतो. झिर्कोनिया या कडक सिरॅमिकमध्ये वितळायला काचच नसते, त्यामुळे तिथे हा मार्ग बंद.

आता दाढ घ्या. कॅप बसवताना चाव थोडा उंच लागतोच. डॉक्टर आर्टिक्युलेटिंग पेपर (रंगाचा ठसा उमटवणारा कागद) चावायला देतात, ठसा उमटला तिथे डायमंड बरने, म्हणजे हिऱ्याच्या कणीच्या बारीक टोकाने, घासतात. नेमकं तिथलंच ग्लेझ जातं आणि खालचा खरखरीत झिर्कोनिया उघडा पडतो. मग समोरचा नैसर्गिक दात रोज कानशीवर घासला जातो. झिर्कोनिया कठीण म्हणून समोरचा दात झिजवतो, असं पुष्कळ जण सांगतात. पण झीज कडकपणापेक्षा खरखरीतपणावर जास्त ठरते. नीट पॉलिश केलेला झिर्कोनिया समोरच्या दाताला बराच सौम्य असतो, ग्लेझ केलेल्यापेक्षाही. बरने कुणी हात लावला नाही तरी चावण्याच्या जागी ग्लेझ काही महिन्यांत, फार तर एक-दोन वर्षांत झिजतं. खाली पॉलिश केलेलं असेल तर बिघडत नाही. घाईत पॉलिश टाळून सगळा खरखरीतपणा ग्लेझखाली झाकला असेल, तर तो तेव्हा उघडा पडतो. लॅब बदलण्याचा विचार करताना मी तरी हीच गोष्ट आधी विचारीन.

पॉलिशला मेहनत जास्त लागते. झिर्कोनिया सिंटर होण्याआधी, म्हणजे भट्टीत भाजून घट्ट होण्याआधी, खडूसारखा मऊ असतो, तेव्हाच खाचा गुळगुळीत केल्या तर पुढचे कष्ट वाचतात. १५०० अंशांच्या आसपास सिंटर होऊन तो पाचव्या हिश्श्याइतका आक्रसला की मग डायमंडचं रबर व्हील लागतं: आधी जाड, मग मध्यम, मग बारीक, शेवटी डायमंड पेस्ट आणि ब्रश. एक पायरी वगळली तर चमक दिसते, पण नखाला ओरखडे लागतात. पॉलिशचा फायदा असा की हेच किट डॉक्टरांच्या खुर्चीशीही चालतं. खानापुरात चाव घासला तर तिथेच पाच-सात मिनिटांत पृष्ठभाग पुन्हा नीट होतो. ग्लेझसाठी कॅप भट्टीपर्यंत परत यावी लागते, पेशंटची आणखी एक खेप होते ती वेगळीच.

भट्टीचंही एक रडगाणं आहे. बेळगावचा जुलै म्हणजे हवा ओलीचिंब. भट्टीच्या आतलं इन्सुलेशन ओल धरतं, म्हणून काम नसताना झाकण बंद ठेवायचं आणि सकाळी आधी रिकामी भट्टी तापवून घ्यायची. मागे एका पावसाळी संध्याकाळी ऐन फायरिंगमध्ये लाईट गेली आणि चार कॅप दुधाळ, मंद होऊन बाहेर आल्या. पुन्हा भाजून त्या सुधारल्या. उलट जास्त तापल्या असत्या तर कडा गोल होऊन रंगही वाहिला असता, आणि त्याला इलाज नसतो.

निपाणीकडच्या केसेसमध्ये तंबाखूचे डाग हमखास विचारतात. डाग दोन्हींवर बसतो, गुळगुळीत पृष्ठभागावरून सहज निघतो. मात्र ॲसिड असलेलं फ्लोराइड जेल ग्लेझ हळूहळू खातं, तेव्हा ग्लेझ केलेली कॅप असलेल्या पेशंटला न्यूट्रल जेल वापरावं.

माझी पद्धत अशी: पुढच्या दातांना स्टेन आणि ग्लेझ. दाढेच्या झिर्कोनियाला चावण्याच्या जागी पूर्ण पॉलिश, गालाकडच्या बाजूला दिसण्यापुरतं ग्लेझ. इमॅक्सची (काचयुक्त सिरॅमिकची) दाढ असेल तर आधी पॉलिश, मग त्यावर ग्लेझ. कॅपच्या आतल्या बाजूला ग्लेझचा थेंबही जाऊ द्यायचा नाही. गेला तर कॅप पूर्ण बसत नाही आणि सिमेंटची पकडही बिघडते.

आणि वर्षभर तोंडात राहिलेली कॅप "जरा चमकवून द्या" म्हणून आली, तर मी ती भट्टीत घालत नाही. तिने ओल शोषलेली असते, तापल्यावर तडकू शकते. तिला रबर आणि पेस्टच.