सेवक पुढारी शिकवायचा तर गोष्ट कोणती घ्यावी? पाय धुणं, उजवी-डावी खुर्ची की नहेम्याची भिंत

मे महिन्यातल्या सुटीच्या बायबल शाळेसाठी ‘सेवक नेतृत्व’ हा विषय ठरला, की लगेच पुढचा प्रश्न येतो: गोष्ट कोणती? दारव्हा, दिग्रस, कारंजा या पट्ट्यातल्या छोट्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये मी बरीच वर्षं मुलांना शिकवते आहे, आणि दर एप्रिलमध्ये कुणी ना कुणी नवी ताई किंवा दादा हे विचारतातच. बहुतेकांच्या मनात तीन गोष्टी असतात. एक, येशूनं शिष्यांचे पाय धुतले ती, बायबलमधल्या योहान या पुस्तकाचा १३ वा अध्याय. दुसरी, जब्दीच्या मुलांनी उजव्या-डाव्या हाताची जागा मागितली ती, मत्तय २० आणि मार्क १०. तिसरी, नहेम्यानं यरुशलेमची भिंत बांधली ती. तिन्ही मी शिकवल्या आहेत, दोन तर चुकीच्याही शिकवल्या आहेत.

गोष्टीआधी ‘सेवक’ या शब्दाचं बघा. आमच्याकडे मुलांना “सेवक म्हणजे कोण?” विचारलं की उत्तर येतं, “ग्रामसेवक!” म्हणजे बॅग घेऊन मोटारसायकलवर येणारा, ज्याच्या सहीसाठी बाबा दोन चकरा मारतात तो. त्यामुळे मी आता ‘सालदार’ म्हणते. सालदार म्हटलं की चित्र उभं राहतं: गुढीपाडव्याला वर्षभरासाठी ठरवलेला, पहाटे गोठ्यातलं शेण काढणारा, ओलिताची वीज रात्री आली की कंदील-बॅटरी घेऊन वावरात जाणारा.

इथेच एक जबाबदारीही येते. समोर बसलेल्या तीस लेकरांपैकी चार-पाचांचे बाप खरोखर सालदार असतात. “सेवक व्हा” हे त्यांना कसं ऐकू जातं? ज्यांच्या आजा-पणजांकडून पिढ्यान्‌पिढ्या सेवा करून घेतली, त्यांच्या लेकरांना ‘खाली बसा, सेवा करा’ असा धडा देणं हा अन्याय होईल. सेवक नेतृत्वाचा धडा पहिल्यांदा ज्याच्या हातात सत्ता आहे त्याच्यासाठी आहे. माझ्यापुरती गोष्ट निवडायची कसोटी हीच आहे: या गोष्टीत मोठा माणूस खाली वाकतो, की लहानालाच आणखी वाकवलं जातं?

पाय धुण्याची गोष्ट

वयोगट आठ ते बारा असेल आणि हातात एकच सकाळ असेल, तर हीच घ्या. पण ती गंगाळापासून सुरू करू नका. मी सुरुवातीची काही वर्षं तेच करत होते. कमरेला दुपट्टा, घमेलं, पाणी, मुलं खूश, आणि शेवटी विचारलं की उत्तर यायचं, “मोठ्यांचे पाय धुवावे.” अगदी उलटं! त्यांचं तरी काय चुकलं? आपल्याकडे पाय धुतले जातात ते मानाच्या माणसाचे. लग्नात वधूचे आईवडील नवरदेवाचे पाय धुतात, महाराज आले की त्यांचे पाय धुतात. पाणी नेहमी खालून वर जातं. मुलांच्या डोळ्यांना तेवढंच चित्र माहीत असतं आणि योहानाची गोष्टही ती त्याच चित्रात बसवतात.

म्हणून तिसऱ्या ओवीपासून सुरुवात करायची. तिथे योहान सांगतो, की पित्यानं सगळं आपल्या हाती दिलं आहे, आपण देवाकडून आलो आणि देवाकडे जाणार, हे येशूला ठाऊक होतं. आणि हे ठाऊक असताना तो जेवणावरून उठला, अंगावरची वस्त्रं काढून ठेवली, कमरेला रुमाल बांधला. आपण कोण आहोत हे नीट माहीत असलेला माणूस वाकतो आहे. मुलांना आधी हे कळू द्या, की त्या खोलीत त्याच्यापेक्षा मोठं कुणी नव्हतं. मी सरळ सांगते, “मालक उठला आणि सालदाराचे पाय धुवायला बसला.” मागच्या ओळीतली कुजबुज थांबते ती इथे.

मग पेत्र, त्या शिष्यांतलाच एक. पेत्राचं “माझे पाय तुम्ही कधीच धुणार नाही” हे वाक्य मुलांना समजावून सांगावं लागत नाही, ते त्यांच्याच तोंडून निघतं. एका वर्षी मी घमेल्यापुढे बसून पहिल्या मुलाचा पाय हातात घेतला. धुळीनं राखाडी झालेला, टाचेला बारीक भेगा, चपलेच्या पट्ट्याखाली तेवढाच उजळ राहिलेला ठसा. त्यानं झटकन पाय मागे घेतला. “बाई, तुमी नोका धू. मोठ्या मानसानं पायाले हात लावला तं आमाले पाप लागते.” मी पुस्तक उघडलं आणि पेत्राची ओवी त्यालाच वाचायला दिली. तो वाचता वाचता थांबला, माझ्याकडे पाहिलं आणि पाय पुढे केला.

त्याच दिवशी एका मुलीनं विचारलं, “यहूदाचे बी धुतले?” धुतले. यहूदा म्हणजे येशूला धरून देणारा शिष्य, तो त्यानंतर बाहेर पडतो, रात्रीच्या अंधारात. “त्याले मालूम होतं तरी?” मालूम होतं तरी. यावर मी काही बोलले नाही. तुम्हीही बोलू नका, पोरांना तो प्रश्न घरी घेऊन जाऊ द्या.

या गोष्टीचे धोके दोन. एक, नाटक होऊन जाणं: एक सकाळ पाय धुतले, फोटो काढले, संपलं. दुसरा, मुलांकडून मोठ्यांचे पाय धुऊन घेणं. सुटीच्या शाळेच्या समारोपाला पाहुण्यांचे पाय मुलांनी धुतलेले मी पाहिले आहेत, आणि तिथे गोष्टीचा अर्थच उलटा होतो. धुवायचे तर शिक्षकांनी मुलांचे, मंडळीच्या वडीलधाऱ्यांनी सगळ्यात लहान लेकराचे. मोठ्या मुलींचे पाय ताईनंच धुवावेत, आधी विचारून. कुणी नको म्हटलं तर तिथेच थांबावं. ज्या घरची मुलं ख्रिस्ती नाहीत, त्यांच्या आईवडिलांना आदल्या दिवशी भेटून काय करणार ते सांगा आणि पाहायचं असेल तर या म्हणा. आमच्याकडे एक आजी आली होती, शेवटपर्यंत बसून राहिली.

उजवी-डावी खुर्ची

या गोष्टीला सामान लागत नाही, तीन खुर्च्या पुरतात. मधली येशूची, बाजूच्या दोन रिकाम्या. जब्दीची मुलं याकोब आणि योहान, दोघंही येशूचे शिष्य, त्या मागतात. मत्तयात त्यांची आई मागते, मार्कात ते स्वतःच मागतात. मी मार्काचं घेते. आईच्या तोंडी मागणी आली की मुलं आईला हसतात आणि मूळ मुद्दा निसटतो. उरलेले दहा जण चिडतात, ते का हे मात्र जरूर विचारा. मुलांना लगेच कळतं: त्यांनाही त्याच खुर्च्या हव्या होत्या.

गावातल्या मुलांसाठी या गोष्टीची किल्ली म्हणजे वर्गाचा मॉनिटर. गुरुजी बाहेर गेले की खडू घेऊन फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहिणारा, मैत्रीण असेल तर नाव पुसून टाकणारा. येशू म्हणतो की परराष्ट्रीयांचे अधिकारी लोकांवर धनीपण गाजवतात, तुमच्यात तसं नसावं. हे वाचलं की मी फळ्यावर खडूनं ‘बोलणारे’ एवढंच लिहिते. पुढे काही सांगावं लागत नाही. गटात कुरबुरी असतील, ‘मी पुढे, मी पुढे’ चाललं असेल, तर पाय धुण्याच्या गोष्टीपेक्षा ही चांगली. ती थेट त्या भांडणातच हात घालते.

उणीव अशी, की मुलं यातून हिशेब शिकू शकतात. “आता मी झाडू मारतो, मंग मले मॉनिटर करा.” सेवा म्हणजे वर चढायची शिडी, असं होऊन बसतं. नाही तर दुसरं टोक: पुढे येणं वाईट, गप्प मागे बसावं. येशूनं मोठं होण्याची इच्छा धरू नका असं म्हटलं नाही; मोठं कसं व्हायचं ते सांगितलं. मुलींच्या बाबतीत हा फरक फार जपावा लागतो, कारण मागे बसायला त्यांना घरीदारी तसंही शिकवलेलंच असतं.

नहेम्याची भिंत

माझ्या मते या तिघांतली सगळ्यात सकस गोष्ट ही, आणि आपल्याकडे सगळ्यात कमी शिकवली जाणारीही हीच. बारा वर्षांवरच्या मुलांसाठी, आणि किमान तीन दिवस असतील तरच. नहेम्या हा फारसच्या राजाच्या दरबारातला प्यालेबरदार, म्हणजे राजाला द्राक्षरसाचा प्याला देणारा; तो इ. स. पूर्व ४४५ च्या सुमारास यरुशलेमला येतो. रात्री थोडी माणसं घेऊन पडकी भिंत पाहतो, मग लोकांना उभं करतो आणि ५२ दिवसांत भिंत पुरी होते. तिसरा अध्याय म्हणजे नुसती नावांची यादी वाटते, पण श्रमदान पाहिलेल्या मुलांना ती वाचून दाखवा. कोण आपल्या घरासमोरचा तुकडा बांधतो आहे, शल्लूमबरोबर त्याच्या मुलीही कामाला लागल्या आहेत, आणि तकोवाच्या सरदारांनी मात्र कामाला मान वाकवली नाही. “आमच्या गावात बी असंच झालं,” हे वाक्य येतंच.

पण खरा धडा पाचव्या अध्यायात आहे. धान्य नाही म्हणून लोकांनी शेतं, द्राक्षमळे, घरं गहाण टाकलेली; राजाचा कर भरायला कर्ज काढलेलं; काहींच्या मुली दास्यात गेलेल्या. आणि सावकार कोण, तर आपलेच भाऊबंद. नहेम्या संतापतो, विचार करतो, सभा बोलावतो. मी आणि माझ्या माणसांनीही पैसे आणि धान्य उसनं दिलं आहे, आता हे व्याज आपण सोडून देऊ, असं तो आधी स्वतःबद्दल बोलतो, मग शेतं परत करायला लावतो. पुढे सांगतो की बारा वर्षं सुभेदार असून त्यानं सुभेदाराचा भत्ता घेतला नाही, कारण लोकांवर आधीच ओझं फार होतं. आधीचे सुभेदार अन्न आणि द्राक्षरसाशिवाय चाळीस शेकेल रुपंही घेत.

यवतमाळ-वाशिमच्या मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही. सातबारा, गहाणखत, बँकेची नोटीस हे शब्द त्यांनी घरात हळू आवाजात ऐकलेले असतात. म्हणूनच इथे फार सांभाळून चालावं लागतं. “तुमच्या घरी कर्ज आहे का?” असं वर्गात कधीही विचारू नका. कर्जापायी बाप गमावलेलं लेकरू समोर असू शकतं. गोष्ट यरुशलेमचीच राहू द्या, जोडायची ती मुलं आपापल्या मनात जोडतील. हे जमेल असा अनुभवी शिक्षक नसेल तर पाचवा अध्याय सोडून नुसती भिंत शिकवू नका, त्याऐवजी दुसरी गोष्ट घ्या. पाचव्या अध्यायाशिवाय नहेम्या म्हणजे नुसता चांगला ठेकेदार उरतो.

आणखी दोन गोष्टी लोक सुचवतात. रहबाम राजाची, १ राजे १२: वडीलधारे सांगतात की आज तू या लोकांचा सेवक झालास तर ते सदैव तुझे सेवक होतील, तो तरुण सोबत्यांचं ऐकतो आणि दहा वंश गमावून बसतो. कॉलेजच्या पोरांना छान, लहानांना नको. शास्ते ९ मधली झाडांच्या राजाची कथा ऐकायला मुलांना फार आवडते, पण तिच्यात चांगली झाडं राजा व्हायला नकार देतात, त्यामुळे तिच्यातून चांगल्यांनी पुढारी होऊच नये असं मनात बसतं. सात वर्षांखालच्यांसाठी यांतलं काहीच नको. त्यांना, कुणी न सांगता दहा उंटांना पाणी पाजणारी रिबेका पुरे. हंडे वाहणाऱ्या घरच्या लेकरांना ती लगेच आपली वाटते.

गाडगेबाबांचं नाव घ्यावं का, हेही विचारतात. जरूर घ्यावं. अमरावती जिल्ह्यात १८७६ साली जन्मलेला माणूस, कीर्तनाआधी हातात खराटा घेऊन गाव झाडायचा. मुलांना तो शाळेच्या भिंतीवरच्या चित्रातून माहीत असतो. मोठ्या मुलांना सेवाग्रामला नेता आलं तर परचुरेशास्त्रींची कुटी दाखवा, कुष्ठरोगी शास्त्रींची शुश्रूषा गांधीजी स्वतः करायचे. मी हे गोष्टीच्या नंतर सांगते, आधी नाही. आधी सांगितलं की मुलं म्हणतात “हो, माहीत आहे,” आणि योहानाच्या खोलीत शिरतच नाहीत.

आता तुमची निवड. एकच सकाळ असेल तर पाय धुणं. गटात चढाओढ असेल तर खुर्च्या. किमान तीन दिवस, मोठी मुलं आणि मुरलेला शिक्षक असेल तर नहेम्या. दोन गोष्टी जमत असतील तर पहिल्या दिवशी खुर्च्या आणि शेवटच्या दिवशी पाय धुणं, याच क्रमानं. लूक सांगतो की आपल्यात मोठा कोण हा वाद शिष्यांमध्ये त्या शेवटच्या जेवणाच्या वेळीही झाला होता. मुलांनी आठवडाभर खुर्च्यांचं नाटक केलेलं असलं, की गंगाळ पुढे येतं तेव्हा ते कुणापुढे येतं आहे हे त्यांना नेमकं ठाऊक असतं.

वेळ सकाळी सात ते साडेनऊ ठेवा, त्यानंतर ऊन बसू देत नाही. पाणी एका लेकराला एक लोटा पुरतं, घमेल्यातलं सगळं अंगणातल्या कडुनिंबाला घाला. टँकरच्या गावात पाणी वाया गेलेलं आयांना सहन होत नाही, आणि ते बरोबरच आहे. लोटे मोजून आदल्या संध्याकाळीच भरून ठेवा, सकाळी नळ येईलच असं नसतं.