बटन टीकिंटरचं की पायसाइडचं?

पायथॉन भाषेत डेस्कटॉप अ‍ॅप करायला घेतलं की खिडक्या-बटनं बनवायला टीकिंटर ही लायब्ररी घ्यायची की पायसाइड ६, हा प्रश्न येतोच. मी आधी बटनं बघतो. अ‍ॅप वापरणाऱ्याचा हात दिवसभर त्यांच्यावरच असतो.

टीकिंटर विंडोजवर पायथॉनबरोबरच मिळतं. मजकूर द्या, ‘कमांड’मध्ये फंक्शनचं नाव द्या, ‘पॅक’ने खिडकीत बसवा, झालं बटन. फक्त नावापुढे कंस टाकू नका, नाहीतर फंक्शन खिडकी उघडतानाच चालतं आणि नंतर बटन कितीही दाबा, काही होत नाही. बटनावर चित्र लावलंत तर ते फंक्शन संपल्यावरही टिकेल अशा व्हेरिएबलमध्ये जपून ठेवा. नाहीतर फंक्शन संपताच चित्र गायब होऊन बटन कोरं दिसतं.

खरी ओढाताण रंगाची. साधं बटन विंडोजवर तुम्ही दिलेला रंग घेतं, मॅकवर घेत नाही. टीटीकेचं, म्हणजे टीकिंटरमधल्याच थीमवाल्या संचाचं, बटन दिसायला छान, पण रंगासाठी स्टाइल लिहावी लागते आणि विंडोजच्या मूळ थीममध्ये तीही चालत नाही. ‘क्लॅम’ थीम घ्यावी लागते.

पायसाइडमध्ये हेच काम वेबच्या सीएसएससारख्या स्टाइलशीटने होतं. गोल कोपरे, माउस आल्यावरचा रंग, दाबल्यावरचा रंग, सगळं चार ओळींत. फक्त रंगासोबत बॉर्डरही लिहा, नाहीतर कधीकधी रंग दिसतच नाही.

पण माझ्यासाठी निकाल लागतो तो मराठीवर. लिनक्सवर टीकिंटरच्या बटनावर ‘बिल काढा’ लिहून बघा. वेलांटी ‘ब’च्या आधी यायची ती मागे जाऊन बसते, आणि ‘रद्द’ मधला जोड ‘द’ सुटून पाय मोडलेला दिसतो. टीकिंटरच्या मुळाशी असलेलं टीके तिथे अक्षरं एकामागून एक ठेवतं, जोडत नाही. पायसाइडच्या मुळाशी असलेलं क्यूटी अक्षरं जुळवायला हार्फबझ ही लायब्ररी वापरतं, त्यामुळे मराठी जशी लिहिली तशी उमटते. गल्ल्यावरच्या माणसाला मोडकं मराठी दाखवायला माझं मन धजत नाही.

पायसाइडचा भार मात्र आहे. तयार अ‍ॅपची एक्झी फाइल चांगलीच फुगते, जुन्या मशिनवर उघडायला वेळ लागतो. स्वतःपुरतं, इंग्रजी बटनांचं छोटं अवजार असेल तर मी आजही टीकिंटरच घेतो. दुकानासाठी, लिनक्सवर, मराठीत असेल तर पायसाइड. आणि अ‍ॅप विकायचं असेल तर पायक्यूटीशी, म्हणजे क्यूटीवरच्याच दुसऱ्या लायब्ररीशी, गल्लत करू नका: पायसाइड एलजीपीएल या सैल परवान्याखाली मिळतं, पायक्यूटीला कडक जीपीएल परवाना पाळा (म्हणजे अ‍ॅपचा कोडही खुला ठेवा) किंवा पैसे भरा.